गणपूर्ती

लोकसहभागावर पीएच.डी. करणाऱ्यांनी क्षेत्रकार्यासाठी थेट वाशीम गाठावे. नीती आयोगाच्या २०१८च्या यादीतला हा 'आकांक्षित' जिल्हा. शोधप्रबंधाला एवढे विशेषण पुरते.

आयर्लंडने २०१६ साली सर्वसामान्यांतून ९९ नागरिक निवडले, त्यांना गर्भपाताच्या कायद्यावर खल करू दिला आणि २०१८ला सार्वमतही घेतले. केवढा खटाटोप! आपल्याकडे गावातला प्रत्येक मतदार आपोआप ग्रामसभेचा सदस्य. वर्षाला किमान चार सभा, त्याही कायद्याने. गणपूर्ती पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते.

तेवढेही जमले नाहीत तर? सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. इतका समजूतदार कायदा डब्लिनला कुठून सुचणार? तरी कागद भरलेला दिसावा म्हणून रजिस्टर निघते. शिपाई ते काखेत मारून आधी पारावर, मग पानटपरीवर, मग सोयाबीनच्या धुऱ्यावर नेतो.

"काकाजी, मारा सही."

"कायचा ठराव हाये?"

"सायब लिवून ऱ्हायले ना अजून."

काकाजी सही मारतात. महिला सभेच्या रजिस्टरात तर साऱ्या सह्यांचे वळण एक. भगिनीभाव म्हणतात तो हाच असावा.

घरकुलाची यादी वाचायची असली की मात्र समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नसते. लोक नावानिशी विचारतात, हिशेब मागतात, प्रसंगी गचांडीही धरतात. संशोधकाने ही सभा चुकवू नये. कारण इतिवृत्तात तिची नोंद एवढीच सापडेल : सर्वानुमते मंजूर.