एकास सत्त्याऐंशी

घरगुती रेल्वेसाठी आणलेल्या डिझेल इंजिनाची परीक्षा फूटपट्टीने सुरू होते. एचओ मापात प्रत्येक वस्तू मूळच्या ८७व्या हिश्शाची असते, निदान तसे खोक्यावर लिहिलेले असते. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेले अल्को घराण्यातले डब्ल्यूडीएम-२ सुमारे १७ मीटर लांब. तेव्हा त्याची प्रतिकृती वीस सेंटीमीटरला किंचित कमी भरावी. बहुधा ती भरते. परीक्षकाला बरे वाटण्याची ही पहिली आणि बराच काळ शेवटची वेळ असते.

कारण पुढे येतात रूळ. एचओच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. त्याला ८७ ने गुणले की १४३५ येतात, म्हणजे स्टँडर्ड गेज. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्यासाठी १९ मिलिमीटरहून थोडे जास्त अंतर हवे. परंतु बाजारातले रूळ, डबे आणि गाडीचा मार्ग बदलणारे पॉइंट सगळे साडेसोळाचेच असल्याने इंजिनालाही तेच पाय लावतात. परिणामी ते कमरेवर भुसावळ आणि कमरेखाली मुंबई मेट्रो असते. परीक्षकाने हा दोष वहीत नोंदवावा आणि पुढच्या रकान्याकडे वळावे. दोष दूर करायचा तर घर सोडून सगळेच बदलावे लागते.

वजनाचा हिशेब याहून बेरकी आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पट घटल्यामुळे वजन ८७ च्या घनाने घटते. मूळ इंजिन ११२ टनांचे. मापात बसवले तर ते १७० ग्रॅमच्या आसपास, वाटीभर दह्याइतके उरेल. एवढ्या वजनावर चाके जागच्या जागी फिरतात आणि गाडी स्थानकातच राहते. म्हणून निर्माते आत धातूचा ठोकळा घालून वजन मुद्दाम वाढवतात. तराजूवर खरे उतरणारे इंजिन इथे नापास होते.

वळणांच्या बाबतीत तर सर्वांनीच डोळे मिटलेले असतात. ब्रॉडगेजवर परवानगी असलेले सर्वांत तीव्र, दहा अंशांचे वळण १७५ मीटर त्रिज्येचे. एचओत त्याची त्रिज्या दोन मीटर होते आणि नुसते अर्धवर्तुळ चार मीटर रुंद जागा मागते. दिवाणखान्यात सोफाही ठेवायचा असल्यास हौशी मंडळी ४५ सेंटीमीटरवर तडजोड करतात. प्रत्यक्षात हे वळण सुमारे ४० मीटर त्रिज्येचे झाले. त्यावर खरे डब्ल्यूडीएम-२ घातले, तर पुढचे काम क्रेनचे. सहा आसांच्या इंजिनासाठी ५५ सेंटीमीटर त्रिज्या मिळाली तर सोफ्याच्या जागेबद्दल घरात पुन्हा बोलणी करून पाहावीत.

वेगाची कसोटी सोपी: ताशी १२० किलोमीटर म्हणजे टेबलावर सेकंदाला सुमारे ३८ सेंटीमीटर. कित्येक इंजिने पूर्ण वीज मिळताच याहून बरीच जोरात सुटतात आणि पाहुण्यांची मुले त्यांना लगेच पास करतात. जाणकार मात्र उलटे पाहतो: इंजिन किती हळू चालते? न थांबता एकेक स्लीपर मोजत सरकले, तर मोटरच्या दांड्यावर जडचक्र आहे आणि बाराही चाके रुळांतून वीज घेत आहेत, असे समजावे. मोजक्याच चाकांनी वीज घेणारे इंजिन पॉइंटमधल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर हमखास थबकते. मग यजमान ‘सिग्नल मिळाला नाही’ असे म्हणत बोटाने हलकेच ढकलतो. चढाच्या परीक्षेतही हेच बोट कामी येते. भोर घाटाचा चढ ३७ला एक. घरगुती लेआउटवरही तेवढा चढ अवघडच मानला जातो. घाटात जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, घरी ते काम तर्जनी करते. निकालपत्रात तर्जनीची अश्वशक्ती धरू नये.

रंगाबद्दल न बोललेले बरे. शेडगणिक रंगसंगती बदलत असे, त्यामुळे कोणतीही छटा चूक आहे असे सांगणारा माणूस सापडतोच. इंजिनाचे तोंड कोणते, हा वाद अधिक कसदार आहे. डब्ल्यूडीएम-२ आखूड नाक पुढे करूनही धावे आणि लांब नाक पुढे करूनही. तेव्हा दोन्ही टोकांचे दिवे दिशेप्रमाणे पेटतात ना, एवढे पाहावे.

आवाज देणारा डीकोडर बसवलेला असल्यास सोळा सिलिंडरांची ती ढगढग रात्री दहानंतर तपासू नये. थ्रॉटलचा नॉच वाढवताच अल्कोतून उसळणारा काळा धूर मात्र बहुतेक मॉडेलांत नसतो. या एकाच त्रुटीवर घरातल्या सर्वांचे समाधान असते.

सरतेशेवटी खोका तपासावा. मूळ खोक्याशिवाय इंजिन विकायला काढले, तर भाव पडतो. म्हणून खोका जपावा लागतो, आणि तो कोणत्याही मापात लहान केलेला नसतो.