फ्रँकोनियाच्या धारेवर सुकेळी

एडिसन, न्यू जर्सी
१८ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

क्विबेकहून काल रात्री सुखरूप घरी पोचलो. फोटो ग्रुपवर टाकलेत, पण बाबांना प्रत्येक फोटोत ‘मागे ते काय दिसतंय’ हे विचारायचं असतं, म्हणून हे पत्र.

सरळ महामार्गाने आलो असतो तर लिहिण्यासारखं काही घडलंच नसतं. पण वाटेत न्यू हॅम्पशायर लागतं, आणि जावईबापूंच्या डोक्यात वर्षभर तिथली फ्रँकोनिया रिज बसली होती. साधारण चौदा किलोमीटरची फेरी: धबधब्यांच्या वाटेने वर, धारेवरून तीन शिखरं, दुसऱ्या वाटेने खाली. सगळ्यात उंच माउंट लाफायेत, ५,२४९ फूट. आपली कळसूबाई ५,४०० फूट, हे मी गाडीत आवर्जून ऐकवलं. कुणी दाद दिली नाही.

अभिजितची तयारी एव्हरेस्टची. घडीच्या काठ्या, नळीने पाणी प्यायची पिशवी, आणि वर ३५ डॉलरचं एक कार्ड. इथे हलगर्जीपणामुळे डोंगरात अडकलात आणि शोधपथक बोलवावं लागलं, तर खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. कार्ड घेतलेल्या कुटुंबाला तो माफ. मी म्हटलं, आई दर नवरात्रात बोळिंजहून पहाटे निघून अनवाणी जीवदानी चढते, तिने कुठलं कार्ड काढलंय? त्यावर त्याने शेजारच्या माउंट वॉशिंग्टनवर १९३४ साली मोजलेला वारा सांगितला: ताशी २३१ मैल. मी मुकाट्याने ओढणी गाडीत ठेवली आणि त्याने आणलेलं जॅकेट घेतलं.

धबधबे देखणे आहेत, त्यातला क्लाउडलँड तर बघत राहावा असा. पण पायऱ्या म्हणून नाहीत. डोंगराने टाकलेत तसे धोंडे. आणि वाटेत कुणी काही विकत नाही हो! ना लिंबूसरबत, ना मीठ-मसाला लावलेली काकडी. नील दर वळणावर विचारी, “देऊळ कधी येणार?” वर देऊळ नाही म्हटल्यावर तो खालीच बसला. “मग चढतोय कशाला?” याला त्याच्या बापाकडेही उत्तर नव्हतं.

वर जाता जाता झाडं आधी कमरेएवढी झाली, मग गुडघ्याएवढी, मग संपलीच. कळसूबाईपेक्षा बुटका डोंगर, पण इथला गारठा आणि वारा असा की झाड मान वर काढायला धजत नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना दगडांच्या ओळी रचल्यात आणि त्यापलीकडे पाय टाकायचा नाही. तिथली बोटभर उंचीची रोपं तुडवली गेली तर परत धरायला वर्षानुवर्षं जातात. धारेवर मात्र दोन्हीकडे नुसती दरी, मधे आपण. बाबा, फोटोत मागे जी निळी रांग आहे ना, त्यातला सगळ्यात उंच तोच तो वाऱ्याचा वॉशिंग्टन.

अपलाचियन ट्रेल याच धारेवरून जातो. जॉर्जियातून निघून मेनपर्यंत, साडेतीन हजार किलोमीटर पायी. मार्चपासून चालत आलेला एक दाढीवाला मुलगा लाफायेतच्या माथ्यावर भेटला. वास आधी आला, मुलगा मागून. हे लोक वाटेवर टोपणनावानेच वावरतात; याचं नाव ‘बिस्किट’. बाबा, तुम्हाला नवल वाटायचं नाही, आपल्या आळीत तरी खरी नावं फक्त पोस्टमनला ठाऊक असायची.

आई, त्याला तुझी सुकेळी दिली. आगाशीकडची राजेळी, उन्हात वाळवून पानात बांधलेली, हे सगळं ओवीने त्याला समजावलं. काळपट, सुरकुतलेली वस्तू त्याने आधी उलटीपालटी करून पाहिली. मग एक घास. मग कुणाशी काही न बोलता पाच संपवली. दुकानातले चिवट एनर्जी बार त्याने ओवीला बदल्यात देऊ केले. पोरीने हात मागे घेतला. पुढच्या वेळी दोन पुडे जास्त पाठव.

उतरताना ग्रीनलीफ हट लागलं, तिथे गरम सूप मिळालं. नीलने तेच देऊळ ठरवलं आणि चपला काढायला निघाला.

खाली एक गंमत. इथल्या कड्यावर माणसाच्या चेहऱ्यासारखा खडक होता, राज्याची शान. ३ मे २००३ ला तो कोसळला. पण रस्त्यांच्या पाट्यांवर चेहरा अजून आहे, आणि तळ्याकाठी लोखंडी खांब लावलेत. जमिनीवर आपल्या उंचीच्या खुणेवर उभं राहून वर पाहिलं की खांबाच्या कंगोऱ्यांमुळे पडलेलं नाक पुन्हा कड्यावर बसलेलं दिसतं! ओवी आणि मी पाहिलं. अभिजितला मान वर करवेना. गुडघ्यांबद्दल मी विचारलंच नाही.

दसऱ्याच्या आधी तिकडे येतोय. जीवदानीला आईबरोबर जायचं त्याने कबूल केलंय, फक्त आज सकाळी हळूच विचारत होता, तिथला रोपवे किती वाजता सुरू होतो?

तुमची,
मनू