लोकेशन प्लीज

आमच्या बीड जिल्ह्याला फोटोची आवड इन्स्टाग्रामने लावली असं कुणाला वाटत असेल, तर त्याने बीडच्या बार्शी नाक्यापासून परळीपर्यंत एकदा मान वर करून प्रवास करावा. इथे वाढदिवस आधी फ्लेक्सवर होतो, मग घरी. मधोमध गॉगल घातलेले उत्सवमूर्ती, वर नेत्यांचे चेहरे, खाली शुभेच्छुकांची रांग. ज्याचा चेहरा सुटला तो सहा महिने बोलत नाही. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत निघालं, तेव्हा लाइक, टॅग आणि फॉलोअर या तिन्ही वस्तू आमच्या चौकाचौकांत बांबूला बांधून तयार होत्या.

त्यामुळे धारूरकडे सीताफळाचा धंदा करणाऱ्या पुतण्याने इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचं ठरवलं, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ज्यासाठी फोटो टाकायचे त्या वेबसाइटचं. दुकान निदान रस्त्याला लागून असतं. एसटीची वाट बघणारा माणूस सावलीसाठी का होईना, आत डोकावतो. वेबसाइटच्या सावलीला कुणी येत नाही. सुरुवातीला तिथे येऊन गेलो ते आम्ही घरचेच, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी साइट बनवणारा पोरगा, राहिलेल्या पैशांची आठवण करून द्यायला.

मालात खोट नव्हती. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ असं उगवतं, की ते कुणी लावलं हे विचारायची सोय नाही. पाणी मागत नाही, खत मागत नाही. त्याच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, आणि आमच्या मुलखात शेळीने सोडलेली वस्तूच काय ती शिल्लक राहते. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. अडचण एवढीच, की हे फळ दिसायला नाही. आंब्याला रंग आहे, डाळिंबाला मुकुट आहे, द्राक्षाला घोस आहे. सीताफळ वरून खवल्याखवल्यांचं, पिकलं की काळपट पडणारं. सगळी गोडी आत, आणि आतलं दाखवायचं तर फोडावं लागतं. पुतण्याने फोडून फोटो काढला, तर वहिनी म्हणाल्या, "अर्धं खाल्लेलं फळ लोकायला दाखवतेत का कुठं?"

मी निवृत्त मराठीचा मास्तर असल्याने फोटोखालचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बालाघाटची रांग, आश्विनातलं ऊन, दवाने भिजलेली पायवाट असं रीतसर सुरू केलं. पुतण्या म्हणाला, "काका, दोन ओळींच्या पुढं 'मोअर' येतंय. 'मोअर'वर कुणी बोट ठेवत नाही." फळापर्यंत मी सातव्या ओळीत पोचत होतो.

पहिला फोटो त्याने तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून सजवून घेतला. त्या माणसाचा हात एकाच कामावर बसलेला. मधोमध पुतण्या, गॉगलसकट. सीताफळ खाली उजव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकाच्या जागी. लाइक भरभरून आले. निम्म्या लोकांनी खाली लिहिलं होतं, 'हॅपी बड्डे भाऊ'.

मग रील. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा गावोगावची पोरं एका रात्रीत बेकार झाली होती; पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणलं आणि सगळी कला गाठोड्यासकट तिकडे गेली. पुतण्याचे मित्र त्यातलेच. त्यांनी ठरवलं की पाठीमागे धबधबा पाहिजे. मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे, मन्मथस्वामींची समाधी आहे तिथे. पावसाळा सरत आला होता, तरी धार चांगली होती. तळहातावर सीताफळ, मागे कोसळणारं पाणी, त्यावर ढोलाचं संगीत. मी मजकूर दोन शब्दांत आटपला: 'बीडचं सीताफळ'.

ते रील पळालं. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतल्या लोकांनी बघितलं. पुतण्या रात्रभर जागा होता. कॉमेंट वाचून दाखवत होता. पहिली कॉमेंट: 'लोकेशन प्लीज.' दुसरी: 'लोकेशन?' तिसरी: 'भावा लोकेशन टाक की.' चौथ्याने परस्पर उत्तर दिलं, की हा सौताड्याचा धबधबा आहे. त्यावर पाटोदा तालुक्यातल्या एकाने त्याला झापलं, की सौताडा आमच्याकडे आहे आणि हा तो नव्हे, आमचा याच्या कितीतरी उंच आहे. मग कपिलधारवाले आणि सौताडेवाले यांची जुंपली. मधेच पुण्याच्या कुणीतरी विचारलं, 'बीडमध्ये पाणी आहे?' त्याबरोबर दोन्ही बाजू एक झाल्या आणि पुणेकरावर तुटून पडल्या. फळाबद्दल अख्ख्या ढिगात एकच पृच्छा होती: 'हातात काय धरलंय?' तिला कुणीतरी उत्तर दिलं होतं, 'हातगोळा.'

पुढच्या रविवारी कपिलधारला ही गर्दी. तिथे वडापाव विकणाऱ्याने दुपारीच तेल संपल्याचं सांगितलं. त्याची वेबसाइट नाही, इन्स्टाग्रामही नाही. साधा बटणाचा फोन आहे. आमच्या साइटवर त्या रविवारी आले ते सगळे मिळून आमच्या घरच्यांपेक्षा कमी.

यातली गोम पुतण्याला आधीपासून ठाऊक होती, मला नंतर कळली. फोटोखाली तुम्ही साइटचा पत्ता कितीही ठळक लिहा, त्यावर बोट दाबलं तरी काही होत नाही. ती नुसती अक्षरं. जायचं असेल तर आधी तुमच्या नावावर दाबायचं, मग तुमच्या पानावर माथ्याशी दोन ओळींची ओळख असते तिच्यात लिंक शोधायची, मग तिथून पुढे. एवढी पायपीट माणूस पंढरपूरसाठी करतो. स्टोरीतून थेट साइटवर न्यायची सोय होती, पण ऑक्टोबर २०२१ पर्यंत ती मुख्यतः दहा हजार फॉलोअरवाल्यांनाच; नंतर लिंकचं स्टिकर सगळ्यांना खुलं झालं, आणि २०२३ पासून ओळखीत पाच लिंका लावू देतात. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. फेसबुकने २०१२ मध्ये १०० कोटी डॉलर मोजून ही जागा घेतली ती लोकांनी तिथे बसून राहावं म्हणून, उठून धारूरला जावं म्हणून नव्हे. जत्रेतला पाळणेवाला फिरणाऱ्या पाळण्यातल्या माणसाला भेळेच्या गाडीचा पत्ता कशाला सांगेल?

पुतण्याने शहरातल्या एका जाणकाराला फोन लावला. तो म्हणाला, फुकटात लोक यायचे तर सहा महिने, वर्षभर धीर धरावा लागतो. ही धमकी त्याने चुकीच्या जिल्ह्याला दिली. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्ग मंजूर झाला १९९५च्या सुमारास, आणि बीडला गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ला. मंजुरीच्या वेळी जन्मलेली पोरं पहिल्या गाडीला स्वतःची पोरं खांद्यावर घेऊन आली असतील. आम्हाला सहा महिने काय सांगतो!

त्या दिवसांत मला इतिहासातले धंदेवाले फार आठवायचे. निजामाच्या अमदानीत बीड दोन वस्तूंसाठी नावाजलेलं होतं: कातड्याची छागल आणि गुप्ती. छागलीचं ठीक आहे, पाणी भरून घोड्याच्या खोगिराला लटकवली की रील झालं. पण गुप्तीवाल्याने काय केलं असतं? काठीच्या पोटात तलवार. मालाची करामत दिसता कामा नये, हीच मालाची करामत. फोटो काढला तर काठी दिसणार, आणि खाली कॉमेंट येणार, 'आजोबांसाठी पाहिजे, भाव सांगा.' अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे; लांबच लांब कापड, त्यावर पंचीकरणाचं तत्त्वज्ञान अक्षरांत आणि आकृत्यांत मांडलेलं. दासोपंत गेले त्याला चारशे वर्षं झाली. चित्र आणि मजकूर एकत्र, बोटाने सरकवत नेण्याऐवजी पायांनी सरकत वाचायचं. माझ्या सातव्या ओळीला नावं ठेवणाऱ्या पुतण्याला मी हे मुद्दाम ऐकवलं. तो म्हणाला, "काका, त्यांला रोज पोस्ट टाकायची नव्हती."

तोडगा निघाला तो जेवताना, आणि वहिनींच्या तक्रारीतून. त्यांच्या मोबाइलमध्ये पिंटरेस्ट आहे. आमच्याकडच्या बायकांच्या मोबाइलमध्ये ते असतंच, फक्त त्याला कुणी सोशल मीडिया म्हणत नाही. ते ब्लाउजच्या मागच्या गळ्यांचं पुस्तक आहे. शिवणाऱ्या बाई 'फोटो आणा' म्हणतात, म्हणून. लग्नसराईत मेंदी, दिवाळीत रांगोळी, एरवी गळे. वहिनी भाकरी वाढता वाढता करवादल्या, "मेलं ह्या फोटोवर जरा बोट टेकलं की कुठल्या कुठं कुणाच्या दुकानात नेऊन सोडतंय!"

पुतण्याचा घास हातात राहिला. "काय म्हणली, आई?"

"गळा बघायला गेले तर साडीच्या दुकानात सोडलं. परत येता येईना."

ज्या गोष्टीसाठी तो धबधब्यात भिजला, ती आईच्या मोबाइलमध्ये उपद्रव म्हणून नांदत होती. पिंटरेस्टवर प्रत्येक फोटोच्या पाठीला साइटचा पत्ता बांधता येतो. फोटो दाबला की माणूस दारात. शिवाय तिथे लोक एकमेकांना बघायला येत नाहीत. काहीतरी करायचं असतं आणि ते कसं करायचं हे शोधत येतात. शोधणाऱ्याला गॉगल नको असतो.

मग कारभार वहिनींकडे गेला. त्यांनी स्टीलच्या वाटीत रबडी ठेवली, शेजारी काळ्या बियांचा ढीग, आणि मला सांगितलं, "भावजी, बिया कशा काढायच्या तेवढंच लिहा. दव नको." दुसरा फोटो झाडावरच्या फळाचा. खवल्यांमधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या झाल्या की आमच्याकडे सीताफळाने डोळे उघडले म्हणतात, तेव्हा उतरवायचं. त्याआधी उतरवलं तर नीट पिकत नाही, उशीर केला तर पाखरं आधी जेवतात. तिसरा फोटो कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत भरलेल्या फळांचा. घरी आल्यावर काय करायचं, किती दिवसांत संपवायचं. सगळं आम्हाला पाठ असलेलं, म्हणून आम्ही कधी न सांगितलेलं. लोक यायला लागले. हळूहळू, पण घरच्यांपेक्षा जास्त.

यातही एक मेख निघाली. इन्स्टाग्रामवरचा फोटो दोन दिवसांत शिळा होतो, पण पिंटरेस्टवरचा महिनोन्‌महिने हिंडत राहतो. फळाचं नेमकं उलट. सीताफळ उतरवलं की तीन-चार दिवसांत मऊ पडतं, दिवाळीनंतर महिन्याभरात हंगामच आवरतो. त्यामुळे रबडीच्या वाटीमागून लोक साइटवर गर्दी करू लागले ते ऐन माघात, जेव्हा झाडावर पानंसुद्धा धड नव्हती. वहिनींनी शांतपणे सांगितलं की पुढच्या साली गर काढून गोठवून ठेवायचा. डीप फ्रीजर आला. आता लाइट गेली की सगळं घर फ्रीजरभोवती उभं राहतं.

आलेला माणूस साइटवर विकत घेतो, असं मात्र समजू नका. 'खरेदी करा' असं हिरवं बटण आहे. पुतण्याने त्याच्या रंगावर एक आठवडा घालवला होता. लोक बटणाच्या खालचा नंबर बघतात आणि फोन लावतात. "दादा, साइट बघितली, सगळं कळलं. आता खरा भाव सांगा." मग गाव विचारतात. आम्ही धारूरकडचे म्हटलं की केजला आपली आत्या दिलीय असं निघतं. आत्याच्या सासऱ्यांपर्यंत गेल्यावर भावात वीस रुपये सुटतात आणि पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघते. ड्रायव्हरचा नंबर, गाडीचा नंबर आणि पेटीचा फोटो व्हॉट्सॲपवर. या अखेरच्या फोटोला लाइक येत नाही, पैसे येतात.

साइटवर 'संपर्क साधा' असा एक रकानाही आहे. तिथे पहिलाच संदेश आला तेव्हा पुतण्या धावत आला. शुद्ध इंग्रजीत होता. 'तुमची साइट पाहिली, फार सुंदर आहे, पण तिच्यावर लोक येत नाहीत. आम्ही महिन्याला हजारो लोक आणून देऊ.' पुतण्याने हिरमुसून तो पुसायला घेतला. वहिनींनी हात धरला. "आलाय ना तो? मग गिऱ्हाईकच की." त्यांनी मला इंग्रजीत उत्तर लिहायला लावलं: लोकांचं नंतर बघू, हंगाम सुरू आहे, आधी एक पेटी घ्या, पैसे आगाऊ.

इंदूरचा निघाला. त्याने दोन घेतल्या.