युरोप स्वस्त आहे, पनवेलच्या पुढे

कमी पैशात युरोप कसा बघावा हे सांगणाऱ्यांचं सध्या उदंड पीक आहे. त्या सगळ्यांचा प्रवास पॅरिसच्या विमानतळावर सुरू होतो. पहिला सल्ला ठरलेला : टॅक्सी करू नका, मेट्रोने जा. अहो, जातो की. पण मारुती मंदिरच्या स्टॉपवरून त्या मेट्रोपर्यंत पोचायचं कसं, ते आधी सांगा. रत्नागिरीकराचा युरोप रात्रीच्या एसटीत नाहीतर कोकणकन्येच्या स्लीपरात सुरू होतो. महामार्गाने जाणार असाल तर त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. प्रवास विम्यात पाठीचा मणका धरलाय का, तेवढं बघून घ्या.

आणि विमान ही तर फार पुढची गोष्ट. आधी बोटांचे ठसे. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे 14 जून 1985 ला पाच देशांनी करार केला, आज 29 देश त्या गावाच्या नावाने एकाच व्हिसावर माणूस आत घेतात. (आमच्याकडे एका ग्रामपंचायतीतल्या दोन वाड्या एका नळावर एकत्र येत नाहीत.) या व्हिसासाठी पहिल्यांदा स्वतः जाऊन ठसे द्यावे लागतात. ते द्यायचे मुंबईत नाहीतर पुण्यात, काही देशांसाठी पणजीत. म्हणजे चौघांचं कुटुंब असेल तर चाळीस बोटं घेऊन साडेतीनशे किलोमीटर जायचं, लॉजवर रात्र काढायची आणि परत यायचं. माणशी फी 90 युरो, म्हणजे नऊ हजारांच्या घरात. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. इतकं होईपर्यंत युरोपातलं एक कबुतरसुद्धा दिसलेलं नसतं.

खरी गंमत पुढे आहे. आपण काटकसरीने फिरणार, हे युरोपला सांगायची सोय नाही. खात्यात पैसे दाखवा, राहायची व्यवस्था दाखवा, परतीचं दाखवा, निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा दाखवा. डाळभात शिजवून खाणार आणि आठजणांच्या खोलीत झोपणार, त्या माणसाने आधी आपण खाऊनपिऊन सुखी असल्याचा पुरावा द्यायचा. 2024 साली सुमारे 1 लाख 65 हजार भारतीयांना 'नको' असं उत्तर मिळालं. शंभरातल्या पंधराजणांना, म्हणा ना. फी अर्थातच युरोपकडे राहिली. स्वस्त सहलीच्या कुठल्याही यादीत हा खर्च नसतो, कारण यादी करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचा पासपोर्ट असतो.

आंबा बागायतदाराची तर तऱ्हाच निराळी. त्याच्या खात्याकडे बघा. नऊ महिने तिथे खतवाले, फवारणीवाले आणि वीजबिल यांचंच येणंजाणं. मग मे-जूनमध्ये वाशीच्या दलालाची पट्टी येते आणि खातं एकदम फुगतं. आता दूतावासातल्या ज्या अधिकाऱ्याने जन्मात कलम पाहिलं नाही, त्याला वाटतं, कोणीतरी शेजाऱ्याचे पैसे महिन्याभरासाठी आणून ठेवले. पगाराची स्लिप नाही, साहेबाचं रजेचं पत्र नाही. साहेब हाच. अशा माणसाने सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर, गेल्या दोन-तीन हंगामांच्या पट्ट्या आणि 'आमचं वर्ष असंच असतं' हे समजावणारं एक पानी पत्र जोडावं. मेट्रोच्या पासापेक्षा हा सल्ला जास्त पैसे वाचवतो.

आणि नकार आला तरी घराण्याला बट्टा लागत नाही. युरोपने खुद्द हापूसला नाकारलं होतं. 1 मे 2014 पासून, फळमाशी सापडते म्हणून, आंबा बंद. त्याच्याबरोबर वांगं, कारलं, पडवळ आणि अळूही बंद. अळूवडीचं सामान 28 देशांच्या सुरक्षेला धोका ठरलं! 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. युरोपला जाणारं फळ 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून काढतात. त्या मानाने तुमचे फक्त ठसे घेतात.

माणसांतलं उदाहरण हवं असेल तर मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांचं घ्या. सरकारी परीक्षेला बसायला हा मुलगा भर पावसात घाट चढून, शंभर मैलांवर चालत साताऱ्याला गेला. वयाचा दाखला खिशात होता. साहेबाने तोंडाकडे बघितलं आणि 'लहान दिसतोस' म्हणून परत पाठवलं. कागद पूर्ण, अर्ज नामंजूर. व्हिसाच्या रांगेतल्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवावं.

बरं, शिक्का मिळाला. आता मात्र एक सांगतो : पुढचा युरोप खरोखर स्वस्तात होतो, आणि त्यासाठी लागणारं शिक्षण कोकणी माणसाला घरातच मिळालेलं असतं.

हॉस्टेल घ्या. आठ खाटांची खोली, न्हाणीघर सामाईक, ट्रंकेला कुलूप आपलं. जगातलं पहिलं यूथ हॉस्टेल 1912 साली जर्मनीत आल्टेना गावच्या किल्ल्यात निघालं, याचं तिकडे भारी कौतुक. कापड गिरण्यांच्या काळात आमच्या जिल्ह्यातला चाकरमानी मुंबईत गावकीच्या खोलीत राहायचा. एका खोलीत वीस-पंचवीस वळकट्या, पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा, जेवण खानावळीत. घोरण्याची तक्रार करायची पद्धत नव्हती. त्यांच्या नातवाला बुडापेस्टच्या हॉस्टेलात झोप लागत नसेल तर दोष खाटेचा नाही. हॉस्टेलात स्वयंपाकघर असतं, सुपरमार्केटात तांदूळ असतो. जर्मनीत मात्र रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी सामान भरून ठेवा.

घरून नेण्याचं म्हणाल तर बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूधदुभतं युरोपात नेता येत नाही, तेव्हा पेढे घरीच संपवा. फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्यातून पाच फळं वगळली आहेत : अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर. म्हणजे नारळ चालतो, हापूस चालत नाही! रत्नागिरीला याहून मोठा अपमान नाही. त्यातही सुकं खोबरं पेट घेतं म्हणून विमानवाले सामानात घेत नाहीत. भाजणी, मेतकूट आणि लोणच्याची नीट बांधलेली बरणी एवढ्यावर भागवा. बरणी हातातल्या पिशवीत ठेवाल तर विमानतळावरचा शिपाई ती काढून घेईल, आणि हळहळ आयुष्यभर तुम्हाला.

पाण्याची बाटली विकत घेऊ नये. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ वाहतात, 1874 पासून. नळाचं तोंड नाकासारखं, म्हणून नावही तसलंच. फ्रान्समध्ये हॉटेलात बसून 'काराफ दो' म्हणालात की नळाचं पाणी फुकट येतं. पण जर्मनीच्या हमरस्त्यावर मुतारीला एक युरो पडतो. पाणी फुकट प्या आणि शंभर रुपये देऊन सोडा, असा हा व्यवहार आहे. रायनएअर या स्वस्त विमान कंपनीच्या मायकल ओलिअरींनी तर विमानातल्या संडासाला पैसे लावायची कल्पना एकदा जाहीर बोलून दाखवली होती. ती अमलात आली नाही, पण माणूस काय दर्जाचा काटकसरी आहे ते कळावं.

त्याच जातीच्या विमानांबद्दल सावध राहा. तिकीट वीस युरोचं, बॅग चाळीसची. आणि 'पॅरिस' म्हणून जिथे उतरवतात ते बोवे पॅरिसपासून ऐंशीवर किलोमीटर लांब आहे. चिपळूणला उतरवून 'आली रत्नागिरी' म्हणण्यातला प्रकार. तिथून पॅरिसची बस वेगळी. आगगाडीच्या पासाचंही तसंच : युरोपच्या रहिवाशाला इंटररेल, आपल्याला युरेल, आणि फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागा राखायचे पैसे वेगळे. तीन-चार शहरंच बघायची तर पासाच्या नादी लागू नका, सुटी तिकिटं दोन महिने आधी काढा. गणपतीचं कोकण रेल्वेचं आरक्षण पहिल्या मिनिटात मिळवलेल्या माणसाला हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

संग्रहालयांच्या फुकट वेळा साधाव्यात. माद्रिदचं प्रादो संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट असतं. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी, कलोसियमसकट. रांग मात्र आंगणेवाडीच्या जत्रेची धरून चाला. लूव्हरने 2026 च्या जानेवारीपासून युरोपबाहेरच्यांना 32 युरोचं तिकीट लावलं. आपल्याकडच्या काहींना याचा फार राग आला. ताजमहालात आपल्याला 50 रुपये आणि गोऱ्याला 1100, तेव्हा हा राग कुठे जातो? फ्रेंच आपल्याकडून काहीतरी शिकले, एवढंच म्हणायचं. आयफेल टॉवरचं तिकीट आता यूपीआयने काढता येतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या चढून गेलात तर लिफ्टपेक्षा बरंच कमी पडतं. मार्लेश्वर केलेल्यांनी लिफ्टकडे बघूही नये. बाकी कुठेही कार्डाच्या यंत्राने 'रुपयांत की युरोत?' असं गोड विचारलं तर युरोच दाबा. रुपयांत दाबलंत की त्यांच्या मनातला भाव लागतो.

लक्झेंबर्गात 2020 पासून बस, ट्राम, आगगाडीचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनाही. हे कट्ट्यावर सांगितलं तर लगेच प्रश्न आला, "होय, पण तिथपर्यंत जायला किती?" प्रश्न बरोबर होता. शिवाय एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही, तेव्हा लक्झेंबर्गचं कौतुक आमच्याकडे बेताचंच होतं.

स्वित्झर्लंड वगळा. सिनेमांनी तो आपल्या माथी मारला आहे. ज्या देशात कॉफीच्या किमतीत इथे मासळीची थाळी येते, तिथे काटकसर म्हणजे उपास. त्याऐवजी क्राकोव्ह बघा, बुडापेस्ट बघा. बल्गेरिया आणि रुमानिया 1 जानेवारी 2025 पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आले आहेत. फोटोत बर्फ नसेल, पण परत आल्यावर कर्जही नसेल.

'अकरा दिवसांत आठ देश'वाल्या बसच्या सहलींची चेष्टा करायची फॅशन आहे. मी करणार नाही. साठी ओलांडलेल्या, गुडघे बोलायला लागलेल्या, भाषा न येणाऱ्या जोडप्याला व्हिसाचे कागद, राहणं, वरणभात आणि हाक मारायला मराठी माणूस एका रकमेत मिळत असेल, तर ती सहल महाग नाही. महाग पडते ती पंचविशीच्या पोराला. त्याच्याकडे गुडघे आहेत आणि वेळ आहे; तो विकत कशाला घ्यायचा?

कमी खर्चातला युरोप कोणी करावा तो त्याच कर्व्यांनी. 1929 साली, सत्तरी उलटल्यावर ते निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर, पुढे अमेरिका, जपान करून 1930 मध्ये परत. जिथे गेले तिथे आपल्या महिला विद्यापीठाबद्दल बोलले आणि वर्गणी मागितली. त्यातून प्रवासखर्च भागला, वर शिल्लक उरली. साताऱ्यात लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला हा मुलगा. आजच्या सल्लागारांपैकी कोणाचा युरोप नफ्यात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तुम्हा-आम्हाला तेवढं जमणार नाही. पण वेळ साधता येते. मे महिन्यात आंबा सोडून जायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा युरोप स्वतःच सुट्टीवर असतो, खोल्यांचे भाव दुप्पट. पट्टी जूनमध्ये हातात येते, खातं भरलेलं दिसतं, अर्ज जुलैत टाका. गणपती पोचवा आणि ऑक्टोबरात जा. गर्दी ओसरलेली, भाव उतरलेले. विमानाचं पक्कं तिकीट व्हिसा हातात पडल्याशिवाय काढू नका. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात, म्हणजे पुढच्या खेपेला मुंबई-पुण्याची एक फेरी वाचू शकते. कागद मात्र दोनदा तपासा, फी परत मिळत नाही.