अडाणी कोण, डॉक्टरसाहेब?

डॉक्टरसाहेब,



‘या लोकांना कितीही सांगा, कळतच नाही.’ हे वाक्य आपण माझ्या मावशीच्या तोंडावर, पण तिच्याशी न बोलता, माझ्याकडे बघून म्हणालात. आपलं नाव या पत्रात घालत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात आपल्यासारखे पुष्कळ आहेत. ज्याला हे पत्र आपल्यासाठी आहे असं वाटेल, त्याने ते आपलंच समजावं.

मावशीला काय कळलं नाही, ते आता नीट सांगतो. आपण तिला साखरेची गोळी लिहून दिलीत. ‘सकाळी जेवणाआधी, रोज, चुकवायची नाही. गोड बंद.’ एवढं बोलून आपण घंटी वाजवलीत आणि पुढचा पेशंट आत आला. मावशी जामखेड तालुक्यातली, कोरडवाहू शेतीत आयुष्य काढलेली. डॉक्टरांचा शब्द तिच्यासाठी देवाचा शब्द. तिने गोळी एक दिवस चुकवली नाही. मग एकादशी आली. मावशी एकादशीला काही खात नाही, वर्षानुवर्षं नाही. तिने सकाळी नेमाने गोळी घेतली आणि वर नुसता चहा, तोही बिनसाखरेचा, कारण गोड बंद करा असं आपणच सांगितलं होतं. दुपारी अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती ओट्यावर कोसळली.

गावातली आशाताई धावत आली. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, आज जेवलात का?’ मावशीला अजून गिळता येत होतं, म्हणून तिने आधी साखरेचं पाणी पाजलं आणि मग गाडी बोलावली. आपल्या केबिनमध्ये जो प्रश्न कुणाला सुचला नाही, तो तिने अंगणात पाऊल टाकताच विचारला. आणि पुन्हा दाखवायला आणलं तेव्हा आपण चिडलात. उपवास कशाला करता म्हणालात, आणि मग ते वाक्य. साहेब, मावशीने आपला शब्दन् शब्द ऐकला होता. आपलं ऐकलं म्हणूनच ती पडली. आपल्या भिंतीवर पदव्या काचेत लावल्या आहेत. त्या रांगेत पेशंटचं ऐकून घेण्याची पदवी मला काही दिसली नाही.

खेड्यातल्या बाईला कळत नाही, असं म्हणायला हा जिल्हा सगळ्यात चुकीचा आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. पदव्या त्यांच्याकडेही होत्या. त्यांनी लोकांना आधी विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? दवाखाना हे उत्तर आलं नाही. पाणी आणि पोटाला अन्न हे उत्तर आलं. मग त्यांनी गावात कूपनलिका आणि मुलांचं जेवण यांचं काम हाती घेतलं. दवाखान्याची पाटी लावून आलेल्या डॉक्टरांनी पाण्याचं काम करणं, याला मी रुग्णाचं ऐकणं म्हणतो.

पुढे त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवल्या. लोकांनी त्यांना जवळ केलं नाही. आरोळ्यांनी काय म्हणावं? लोकांना कळत नाही? त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी गावालाच आपल्यातली बाई निवडायला सांगितली. निवडलेल्यांत दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. दर आठवड्याला त्या जामखेडला जमायच्या, शिकायच्या आणि शिकलेलं परत आपल्या वस्तीवर जाऊन आपल्या बोलीत सांगायच्या. जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं, अशी समजूत घरोघर होती. ती मोडायला मीठ-साखरेच्या पाण्याची माहिती पुरली नसती. शेजारची बाई चुलीपाशी येऊन बसली, पोराला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजलं, उद्या पुन्हा बघायला आली, तेव्हा ती मोडली. 1971 मध्ये त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. त्यात पाणी, अन्न, लसीकरण, सुरक्षित बाळंतपण सगळं होतं. पण ते घराघरात नेलं ते आपण ज्यांना अडाणी म्हणता त्या बायकांनी.

त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. त्यांनी सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवलं, मग दोन साधे वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्याच्यावरून दुसरा: झुंबराला आपला उजेड असा दुसऱ्याला देता येत नाही. जगभरातून जमलेले तज्ज्ञ उभे राहिले. आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो 1979 मध्ये. आपल्या दवाखान्यापासून जामखेड काही तासांच्या अंतरावर आहे. तिथे जाऊन या, साहेब. जगातून लोक शिकायला येतात, जिल्ह्यातल्यांनी जायला हरकत नसावी.

न सांगणं ही एक गोष्ट. भीती घालून सांगणं ही त्याहून वाईट. जामखेड आणि पाथर्डीच्या शिवेला लागून बीड जिल्हा आहे. पाथर्डीच्या वस्त्यांवरूनही दर हंगामाला टोळ्या ऊसतोडीला जातात. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, फडावर ना संडास ना पाणी, ही कारणं आहेतच. पण अनेक बायकांनी सांगितलं, की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, असं त्यांना ऐकवलं गेलं. त्या बाईला दुसरे उपाय आहेत का, काढल्यावर अंगात काय बदल होतील, थांबलं तर चालेल का, हे समजावून सांगायला किती वेळ लागला असता? भीती घालायला एक वाक्य पुरलं.

आपलं उत्तर मला ठाऊक आहे. गर्दी. बाहेर साठ नंबर लागलेले असतात, वेळ कुठून आणायचा? सरकारी दवाखान्यातल्या एकट्या डॉक्टरने हे म्हटलं तर मी त्याच्या बाजूने सरकारशी भांडेन. 2017 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एक आढावा एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात भारतात पहिल्या पातळीवरच्या डॉक्टरांची भेट सरासरी दोन-अडीच मिनिटांची निघाली. ही व्यवस्थेची लाज आहे. पण आपला दवाखाना खासगी, फी आपण ठरवता, नंबर आपण देता. आणि ‘उपवास करता का?’ एवढं विचारायला पाच सेकंद लागतात.

कायदा काय म्हणतो, हे आपल्याला मी सांगावं लागू नये. सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात बजावलं, की उपचार काय, धोके काय, पर्याय काय, ही माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे. त्या प्रकरणात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं होतं. आईची परवानगी कोर्टाने चालवून घेतली नाही. म्हणजे शेजारी बसलेल्या भाच्याशी बोलून आपण मावशीशी बोललात असं होत नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर आजारी माणसाला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीने सांगा, असं स्पष्ट लिहितो. ज्यांना ‘वेडी’ म्हणून हाकललं जातं त्यांच्यासाठीही हा कायदा आहे. याच जिल्ह्यात शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देतात आणि त्यांना ‘माउली’ म्हणतात. माझ्या मावशीला आपण ‘ओ आजी, सरका’ म्हणालात.

मला आपल्याकडून माफी नको. चार गोष्टी हव्यात. पेशंटशी बोला, सोबतच्याशी नंतर. ती काय खाते, कधी खाते, कोणते उपवास धरते, शेतात किती वाजता जाते हे विचारा आणि मग गोळी लिहा. चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्राचं चित्र काढा. आणि शेवटी म्हणा, ‘मी काय सांगितलं ते मला तुमच्या शब्दांत सांगा.’ तिला सांगता आलं नाही, तर चूक तिची नाही. आपण पुन्हा सांगायचं आहे.

हे पत्र खुलं आहे, म्हणून शेवटचं वाचकांसाठी. केबिनमधून उठायच्या आधी विचारा: ही गोळी कशासाठी आहे, जेवण झालं नाही तर काय करायचं, आणि काय दिसलं की लगेच परत यायचं? मराठीत विचारा, घंटी वाजली तरी विचारा, आणि उत्तर कळेपर्यंत खुर्ची सोडू नका. तो तुमचा हक्क आहे.

आपला,
आपल्या केबिनबाहेर नंबर लावून बसणाऱ्यांपैकी एक