सामान थोडं, मामा फार

सामान भरण्याच्या बाबतीत आमच्या घराण्यात माझा शब्द शेवटचा असतो. म्हणजे सगळ्यांचं भरून झालं की शेवटी मी बोलतो, आणि बॅगा पुन्हा उपसाव्या लागतात. वारीला निघालेल्या काकूंच्या पिशवीत मी शिट्टी घातली होती, हरवल्या तर वाजवायला. काकू हरवल्या नाहीत; लोणंदपासून फलटणपर्यंत अख्खी दिंडी मात्र त्यांनी शिट्टीवर चालवली. एवढा अनुभव गाठीशी असताना सांगलीच्या भाच्याने मोठी गाडी शिकून लाईनवर जायचं ठरवलं, तेव्हा यादी कोण करणार हे कुणाला विचारायची गरज नव्हती. कुणी विचारलंही नाही. मीच सांगितलं.

शिवाय हायवे मला नवा नाही. साताऱ्याहून सांगलीला बहिणीकडे मी स्वतः कार चालवत जातो. सव्वाशेक किलोमीटर. कराडला चहा, पेठनाक्याला चहा, पोचलो की सोफ्यावर आडवा होऊन म्हणतो, "लाँग रूटला माणूस पिळून निघतो गं." एकदा असं म्हणालो तेव्हा भाचा समोरच बसला होता. फार नम्र पोरगा. म्हणाला, "मामा, वीस पूर्ण झाली आणि हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं असलं की हेवीचं शिकाऊ लायसन्स मिळतं. तुमचं तर किती जुनं! कधीच काढायला पाहिजे होतं की." मोटार वाहन कायदा १९८८चा आहे आणि त्यात मामाची लाज राखायचं एकही कलम नाही.

शिक्षणाचा पहिला भाग सोपा गेला. २०२१च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत उरकायचा. त्यासाठी मी त्याला कॉलेजच्या होस्टेलला पाठवतात तसा पाठवला: वह्या, छत्री, इस्त्रीचे शर्ट. बिल्ला आला, लायसन्स आलं. पण नव्या लायसन्सवाल्याच्या हातात कोण अख्खा ट्रक देतो? खरी शाळा पुढे, उस्तादाच्या शेजारच्या सीटवर. आणि माझी खरी यादी तिथेच लागणार होती.

मार्केट यार्डात हळदीची पोती चढत होती. उस्ताद म्हणजे पन्नाशीचा, बुटका, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस. त्यांनी माझी बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाले, "पाव्हणं, ही केबिन हाय, वाडा न्हवं." मग फळीवर एकेक वस्तू मांडायला लागले. मानेची उशी. दाढीचा आरसा. पांढरे शर्ट. घडीची खुर्ची. ही खुर्ची मी फार विचार करून घेतली होती. उस्तादांनी ती उघडली, बसून बघितली, मिटली आणि भाच्याकडे न देता माझ्याकडे दिली. लेसचे बूट बाजूला गेले, कारण दिवसातनं कितीदा चढायचं-उतरायचं, लेस बांधत कोण बसणार? माझ्या कारमधला चार्जर त्यांनी उलटासुलटा करून बघितला. "बारा व्होल्टचा दिसतोय. हितं चोवीस हाय. धूर काढंल." टॉर्च राहिली, पंचा राहिला, दोन काळ्या पँटी, गोळ्या, कागदपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स. मग विचारलं, "दाभण?" मी गप्प. "सुतळी? ट्यूबची पट्टी? ताडपत्री फाटली रात्री, तर काय आरशात बघत बसायचं?"

राहता राहिलं तळाशी घातलेलं घोंगडं. इथे मात्र मी माघार घेणार नव्हतो. आणि वाचकहो, इथे मला थोडं थांबू द्या, हमालांनीही थांबू दिलं होतं.

ते घोंगडं माझ्या आजोबांचं. माणदेशातलं, म्हसवडच्या बाजारातलं. घोंगडं ही गोष्ट माण, आटपाडी, जत या पट्ट्याने महाराष्ट्राला दिलेली आहे, आणि महाराष्ट्राने पानिपतचं ब्लँकेट घेऊन ती परत केलेली आहे. मेंढरं कातरायची, लोकर पिंजायची, घरातल्या बायांनी सूत काढायचं, मग खड्ड्यात पाय सोडून मागावर विणायचं. विणून झालं की चिंचोक्याची खळ द्यायची, त्याने ते ताठ होतं. इतकं ताठ, की नवं घोंगडं भिंतीला टेकवून उभं करता येतं, आणि माणूस त्यात शिरला की त्याला सरळ झोपण्याशिवाय गत्यंतर नसतं. ते टोचतं. टोचणं हा त्याचा दोष नव्हे, बाणा आहे. पहिली दोन वर्षं ते तुम्हाला टोचतं, मग तुम्हाला त्याची सवय लागते, मग गादीवर झोप येत नाही. पाऊस पडला तर खोळ करून डोक्यावर घ्यावं, ऊन असलं तर अंथरावं, पंगत बसली तर त्यावर बसावं, पंचायत बसली तरी त्यावरच बसावं. खंडोबाची तळी त्यावर, बिरोबाचा भंडारा त्यावर. घोंगड्यावर विंचू येत नाही असं आजोबा सांगायचे. मी विंचवाला विचारलेलं नाही. पण आजोबांचं पाठदुखीचं तंत्र मात्र मी स्वतः पाहिलं आहे: पाठ दुखली की घोंगड्यावर झोपायचं, म्हणजे सगळं अंग टोचतं आणि पाठीकडे लक्षच राहत नाही.

हे सगळं मी मार्केट यार्डात उभा राहून, हातवारे करून सांगितलं. थोडं जास्तच सांगितलं असावं, कारण एक हमाल पोत्यावर बसून डुलकी काढत होता. उस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी आणखी पुढे सरकलो. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिनची सक्ती झाली आहे, तेव्हा थंडी वाजणारच, असा मुद्दा मांडला. उस्ताद हसले. "ही गाडी त्याच्या आधीची. हिचा एसी म्हंजी दोन्ही काचा खाली." मग घोंगड्यावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ह्ये."

गाडी भरली तेव्हा सगळेच पिवळे झाले होते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन भाच्याच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत पोचलं होतं. पांढरे शर्ट उस्तादांनी का बाजूला काढले ते तेव्हा कळलं. हमालांपैकी कुणी तरी ओरडलं, "नवरदेव, हळद लागली बघा!" सगळे हसले. बहीण हसली नाही.

कारण हळदीचंच घोडं अडलेलं आहे. गेल्या वर्षभरात ज्या ज्या पाहुण्यांकडे विषय काढला, तिथे मुलगा काय करतो इथपर्यंत सगळं गोडीत चाललं. एका ठिकाणी मी सोबत होतो. प्रश्न आल्यावर मी पाय लांब करून म्हणालो, "लॉजिस्टिक्समध्ये आहे." शब्द असा काही पडला, की आतून पोह्यांची दुसरी बशी आली. बहिणीने बशी खाली ठेवली. "ट्रक चालवतो," म्हणाली. घरी येताना सांगलीवाडी येईपर्यंत बोलली नाही, मग एवढंच म्हणाली, "दादा, तुला लाज वाटत असली तर तू येत जाऊ नको."

मला राग तिचा आला नाही. राग आला तो ज्या घरातून आम्ही उठलो, त्या घराचा. त्यांच्या बागेतली द्राक्षं दिल्लीला काय पाठीवर जातात? बेदाणा, गूळ, साखर, सगळा मुलूख चाकावर बाहेर पडतो आणि चाक फिरवणाऱ्याला पोरगी द्यायची नाही! आणि नुसतं पोरगीचंच कशाला. हायवेला ज्या स्वच्छ हॉटेलात मी कार लावतो, तिथल्या दारावर काठीवाला उभा असतो आणि ट्रक दिसला की काठीनेच पुढची वाट दाखवतो. आत गरम पाणी, साबण, सुगंधी कागद. बाहेर सर्व्हिस रोडला, ट्रकच्या सावलीत, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुणारा कुणी तरी. इतकी वर्षं तो मला दिसतच होता. आता तो भाच्यासारखा दिसायला लागला आहे, म्हणून चहा गोड लागत नाही.

१९६१ सालापासून २०२५पर्यंत मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. हे मी उस्तादांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ विचारात पडले. "चांगला हाय कायदा," म्हणाले. "कुठल्या गाडीला बसवलाय?"

भाच्याचा फोन आठ-दहा दिवसांनी येतो. घाट ज्या गेअरमध्ये चढतो त्याच गेअरमध्ये उतरायचा, नुसता ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही, हे तो मला शिकवतो. मी खंबाटकीत ते माझ्या कारवर करून बघितलं. मागच्या सगळ्यांनी हॉर्न वाजवून दाद दिली. पुढचा फोन मात्र कामाचा होता. "मामा, घोंगडं उस्तादांनी घेतलं. म्हणाले, तू पोरगा हैस, तुला चादर बास. त्यांची पाठ थांबली म्हणतात. अजून एक मिळंल का, विचारत्यात. पैसे देणार."

माझ्या अख्ख्या यादीतल्या एका तरी वस्तूला मागणी आली होती. त्याच रविवारी मी म्हसवड गाठलं. विणणाऱ्या म्हाताऱ्यांनी माझा चष्मा, घड्याळ, गाडी असं सगळं बघून पेटीतनं एक पांढरंशुभ्र घोंगडं काढलं आणि भाव सांगितला. मी खाली बसलो.

"कुणाला पायजे?"

"ट्रक ड्रायव्हरला. आणि भाचापण ड्रायव्हर आहे, त्याला एक. दोन द्या."

म्हाताऱ्यांनी पांढरं घोंगडं जसंच्या तसं घडी करून परत पेटीत घातलं. "मग काळी न्या. मळ दिसत न्हाई, टिकत्यात जास्त, आन् स्वस्त बी पडत्यात. मला वाटलं तुमी भिंतीवर लावायला नेताय."