फाइल सापडते, हीच पंचाईत

कचेरीत फाइल आपोआप हरवते, ही समजूत भाबडी आहे. फाइल हरवायला माणूस लागतो, आणि तोही अनुभवी. कागदाच्या राज्यात कपाटाची किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या कारकुनाच्या खिशात असे, आणि उरलेल्या प्रसंगी ‘वरच्या टेबलावर गेलीय’, ‘ऑडिटवाल्यांनी नेली’ आणि ‘गेल्या पावसाळ्यात भिजली’ ही तीन वाक्यं पुरत. या तीन वाक्यांच्या बळावर कित्येक माणसं शाल-श्रीफळ घेऊन सन्मानाने निवृत्त झाली आहेत. मग क्लाउड आला. विकणाऱ्यांनी त्याचं वर्णन साठवणुकीची सोय असं केलं आणि घेणाऱ्यांनी ते खरं मानलं. माझं म्हणणं असं, की क्लाउडने धंद्याला जी सोय दिली त्याहून मोठी सोय काढून घेतली: फाइल न सापडण्याची. आणि जिथे चूक कबूल करणाऱ्याची धडगत नसते, तिथे माणसं ती गेलेली सोय मागच्या दाराने परत आणतात, मग मालकाने वर्षाची वर्गणी कितीही भरलेली असो.

ही साधनं बनवणाऱ्यांना हा धोका दिसला नाही, कारण त्यांना वाटलं की माणूस फक्त विसराळू असतो. ड्रॉपबॉक्सचा जन्मच तसा. ड्रू ह्यूस्टन बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला, पेन ड्राइव्ह घरी राहिल्याचं वाटेत लक्षात आलं, आणि त्या चरफडीतून २००७ साली कंपनी उभी राहिली. आपल्याकडे पेन ड्राइव्ह घरी राहतो तो बहुधा ज्या दिवशी मीटिंगमध्ये आकडे दाखवायचे असतात त्याच दिवशी, आणि त्यातून कंपनी उभी राहत नाही, मीटिंग पुढे जाते. गूगलने २००६ साली ‘रायटली’ विकत घेऊन एकाच मजकुरावर अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची व्यवस्था केली आणि २०१२ साली ‘ड्राइव्ह’ आणला. विसरण्याचा प्रश्न कायमचा सुटला. विसरायचंच असलेल्या माणसाचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

सामायिक फाइलचं खरं रूप आपल्या लोकांना चटकन कळतं, कारण ती म्हणजे सामाईक सातबारा. नावं सगळ्यांची, बांध कोणी कोरला यावर वाद, आणि फेरफाराची नोंद मात्र पक्की. फाइलच्या आवृत्त्यांचा इतिहास उघडला की दर कोणी बदलला, किती वाजता बदलला आणि आधी काय होता हे निर्विकारपणे समोर येतं. भाऊबंदकीत जे काम तलाठ्याकडे खेटे घालून होतं, ते इथे दोन क्लिकमध्ये. आता एखाद्या एमआयडीसीतल्या कारखान्याचं कोटेशन घ्या. ते ड्राइव्हवर ठेवलेलं असतं, पण विक्रीवाला ते उतरवून घेतो, आपल्या संगणकावर दुरुस्त करतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. मग ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘सरांनी पाहिलेलं फायनल’ आणि ‘हेच वापरा’ अशी वंशावळ वाढते. याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. प्रत्येक प्रत हा विमा आहे. उद्या दर चुकला असं ठरलं, तर ‘माझ्या फाइलमध्ये बरोबर होता’ म्हणता यावं, एवढाच त्याचा हप्ता.

यावर पहिला आक्षेप असा, की सवयी हळूहळू बदलतील आणि उरलेलं काम कायदा करेल. कायद्याने आपलं काम केलेलंच आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला. त्याआधी, २०२२ साली, संगणकावरच्या हिशेबाची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचं बंधन आलं. नियम चोख आहेत. फक्त त्यांचा अंमल पक्क्या वहीवर चालतो, आणि आपली कच्च्या वहीची परंपरा नियमांहून कितीतरी जुनी आहे. मूळ खाडाखोड बाजूच्या एक्सेलमध्ये करायची आणि सॉफ्टवेअरमध्ये स्नान करून सोवळं नेसलेला आकडा भरायचा, म्हणजे इतिहास कसा निष्कलंक राहतो. सबबींनीही नवे कपडे शिवले आहेत. ‘फाइल सापडत नाही’ म्हणायची आता लाज वाटते, म्हणून ‘ॲक्सेस नाहीये’, ‘सिंक झालं नाही’, ‘लिंक उघडत नाही’. ॲक्सेस मागितल्याचा मेल साहेबांच्या इनबॉक्समध्ये पडला की चेंडू साहेबांच्या अंगणात. जुना कारकून किल्ली लपवायचा तरी. नव्याला किल्लीची मागणी करून शांत बसता येतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपल्या फाइली परक्याच्या यंत्रावर ठेवायच्याच कशाला, त्यापेक्षा आपापली प्रत बरी. पुरावाही भक्कम आहे. दक्षिण कोरियातल्या देजॉन इथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची ‘जी-ड्राइव्ह’ ही सामायिक साठवण जळाली. ८५८ टेराबाइट दस्तऐवज गेले, आणि त्यांची दुसरीकडे प्रत नव्हती. कामाच्या फाइली आपल्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवा, असं कर्मचाऱ्यांना बजावलेलं होतं. तेव्हा आज्ञाधारकांचं गेलं आणि ज्यांनी आदेश कानाआड केला त्यांचं राहिलं, ही नीतिकथा कोणत्याही बालभारतीत बसणार नाही. पण या आगीतून सिद्ध होतं ते एवढंच, की प्रत हवी. ती कुठे, किती वेळाने आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे ठरवून ठेवलेली. भीतीपोटी केलेल्या पंधरा प्रतींपैकी खरी कोणती हे आगीनंतरही कळत नाही, कारण ते आगीआधीही कळत नव्हतं.

तिसरा आक्षेप मालकवर्गाचा, आणि तो हमखास चहा घेता घेता येतो: धाक हवा, धाकाशिवाय शिस्त नाही, इतिहासात नाव दिसलं की माणूस आपोआप सरळ होतो. इथे २०१७ सालातल्या दोन घटना पाहण्यासारख्या आहेत. ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरचा चालू डेटा पुसला. वाचवायला पाच व्यवस्था होत्या आणि पाचही ऐन वेळी कुचकामी ठरल्या. सुमारे सहा तासांची माहिती गेली. कंपनीने केलं काय, तर दुरुस्तीची टिपणं गूगल डॉकमध्ये जगाला वाचायला खुली केली आणि दुरुस्तीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं. महिन्याने, २८ फेब्रुवारीला, ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेत एका आज्ञेत चुकीचा तपशील भरला गेला, भलतेच सर्व्हर बंद झाले आणि अमेरिकेतल्या असंख्य संकेतस्थळांचा काही तास खोळंबा झाला. सेवा ठीक आहे की नाही हे सांगणारा फलकही एस-थ्रीवरच विसंबून असल्यामुळे तोही बदलता येईना. नंतरच्या निवेदनात ॲमेझॉनने माणसाचं नाव घेतलं नाही. एकाच फटक्यात इतके सर्व्हर बंद करू देणारं साधन बदललं, असं सांगितलं. धाकाची शिस्त असती, तर दोन्हीकडे पहिला तास पुरावे आवरण्यात गेला असता.

तेव्हा वर्गणी मासिक घ्यावी की वार्षिक, माणशी किती जीबी, गूगल की मायक्रोसॉफ्ट की झोहो, या प्रश्नांवर ज्यांना काथ्याकूट करायचा त्यांनी करावा. कोणतंही घेतलं तरी फाइल उघडेल. त्याआधी मालकाने एक चाचणी स्वतःवर करावी. कोटेशनमधला चुकीचा दर दिसल्यावर आपल्या तोंडातून पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असा निघतो, की ‘कसं झालं?’ असा? दुसरा निघत असेल तर क्लाउड जरूर घ्यावा, पैसे वसूल होतील. पहिला निघत असेल तर गोदरेजचं एक चांगलं कपाट घ्यावं. ते एकदाच विकत घेतलं की वर्षानुवर्षं टिकतं, आणि त्याची किल्ली कधीही रजेवर पाठवता येते.